ओठावरची माशी

आत्याच्या घरात हसायला बंदी नव्हती, हसण्याचा आवाज करायला बंदी होती. कारण मामा. मामा म्हणजे आत्याचा नवरा. वाळूजच्या एका कारखान्यात रातपाळीला होता आणि दिवसा घरी झोपायचा. पुंडलिकनगरातल्या त्या दोन खोल्या. आतल्या खोलीत मधोमध जुन्या लुगड्याचा पडदा, पडद्याआड खाट, खाटेवर मामा आणि पडद्याच्या अलीकडं आत्याची मेस. दुपारी बारा-चौदा कॉलेजची पोरं भिंतीला पाठ लावून बसायची. आत्या स्टोव्हसमोर. स्टोव्हची फरफर, भाकरी थापल्याची थपथप आणि मागून मामाचं घोरणं, असं ते आमचं रोजचं बँड पथक. मामाचं घोरणं साधं नव्हतं. आधी लांब ओढ, मग मधेच काहीच नाय. आपण घास हातात धरून वाट बघतोय, गेला की काय माणूस असं वाटतंय, आणि मग एकदम जिन्यावरून हंडा गडगडत यावा तसा सोडायचा. नवीन आलेलं पोरगं पहिल्या दिवशी दचकून ताटावरून उठायचं. ते उठलं की बाकीच्यांनी तोंडावर हात धरून हसायचं, आत्यानं पदराचा बोळा तोंडात कोंबायचा. तिला हसू आलं की खांदे हलायचे आणि भाकरी वाकडी व्हायची. मी त्या घरात तीन वर्षं राहिलो, पण आत्याच्या हसण्याचा आवाज कसा आहे ते मला आजही सांगता येणार नाय.

ती येसराची आमटी करायची. आमच्या मराठवाड्याबाहेरच्या माणसाला येसर म्हणजे काय ते समजावण्यात मी आयुष्याचा बराच वेळ घालवलाय. धान्यं-डाळी भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ असतं ते, त्याची ही लालभडक पातळ आमटी. वर तर्री, शेजारी शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची गरम भाकर. पोरं गावाकडची, कोणी कन्नडचं, कोणी पैठणचं. आई आठवायला नको म्हणून हळूहळू खायची आणि आई आठवली की अजून एक भाकर मागायची.

मी पिशोरचा. आत्याच्या घरी शिकायला राहिलेला भाचा, एवढीच माझी ओळख असती, पण मला नकला यायच्या. गावातल्या शाळेत हेडमास्तरांपासून घंटा वाजवणाऱ्या शिपायापर्यंत एक माणूस मी सोडला नव्हता. एकदाच फजिती झाली. गॅदरिंगला मला मेलेल्या राजाचं काम दिलं. बोलायचं काही नाय, नुसतं पडायचं. म्हणलं, हे काय काम झालं? पडलो. राणी रडायला लागली, शेतकऱ्यांच्या बाया पदर डोळ्याला लावायला लागल्या आणि तेवढ्यात माझ्या ओठावर माशी बसली. वरच्या ओठावरून खालच्या ओठावर गेली, तिथं थांबून पाय घासायला लागली. मी किती धरावं? शेवटी "फुर्र" केलं. मेलेल्या राजानं माशी उडवली आणि सगळं पिशोर खो-खो हसलं. मास्तरांनी पडद्यामागं माझा कान पिळला, "मेलेला माणूस माशी हाकलतो का रे, बबन्या?" मग मी इरेला पेटलो. ओठाला गूळ लावून ओसरीत पडून राहायचो, सराव म्हणून. शंभर वेळा केलं असंल. नाय जमलं. चालणं, बोलणं, खोकणं, मरणंसुद्धा जमायचं, पण माशी बसली की ओठ हलायचाच. जिवंत माणसाच्या हातातलं ते नाय, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

आत्याचा एकुलता एक पोरगा दिलीप. माझ्याहून वर्षानं लहान, दिसायला चांगला आणि डोक्यानं कोणाच्याही मागं जाणारा. तो ज्याच्या मागं गेला होता त्याचं नाव विजय, आम्ही विज्या म्हणायचो. बापाची चाळीस एकर जमीन, अंगात जाकीट आणि तोंडात एकच शब्द, अनुभव. "माणसानं एकदा अनुभव घ्यावा." कॉलेजच्या मागच्या कट्ट्यावर हा सिगरेटमधली तंबाखू काढून गांजा भरायचा आणि भरता भरता प्रवचन द्यायचा. त्याला म्हणं सगळ्या गोष्टींकडं खुल्या मनानं बघायचं होतं. खुल्या मनाचा हा माणूस गावाकडं गेला की रफिकच्या घरचं पाणी प्यायचा नाय, तो भाग वेगळा. रफिक आमच्यातलाच, विज्याच्याच गावचा, त्याचे अब्बा शिंपी. पोरगं इतकं सरळ की सुपारीसुद्धा खायचं नाय.

"एकदा घेऊन बघायला काय जातं रे?" विज्या म्हणायचा.

रफिक म्हणायचा, "मेरेकू नक्को. तू देख, मैं तेरेकू देखता. मेरा उसमेंच हो जाता टाईमपास."

"घाबरट हाईस तू."

"हौ, हूँ ना. लिख के देऊँ?"

सगळे हसायचे आणि दिलीप सगळ्यात मोठ्यानं, कारण त्याला विज्याच्या बाजूला दिसायचं होतं. खरं सांगू, मला त्या धुराचा एवढा राग नव्हता. मला त्यांच्या तोंडाचा राग होता. दोन झुरके मारले की शेतकऱ्याची पोरं डोळे अर्धे मिटून "सगळं स्लो झालंय बे" म्हणायची. अरे, तुझं सगळं जन्मापासूनच स्लो आहे, बारावीला तीन वेळा बसलास! कोणाला रंग दिसायचे, कोणाला संगीत ऐकू यायचं. पुढं विज्या कुठूनतरी कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या आणायला लागला, तेव्हा तर प्रत्येकाची ऋषीमुनींशी भेट व्हायला लागली. आणि "कशाच्या गोळ्या?" विचारलं तर एकालाही नाव सांगता यायचं नाय. बैलाला औषध पाजताना हीच पोरं बाटली उलटीसुलटी करून वाचत होती, स्वतःच्या पोटात टाकताना मात्र वाचायचं काय कारण? खुलं मन!

परवा आमच्या नातवाचा एक दोस्त घरी आला होता. मी पेपर वाचतोय असं दाखवत कान तिकडं ठेवले होते. शहराचं नाव बदललं, आमचं मोकळ्या प्लॉटांचं पुंडलिकनगर भरून गेलं, गोळ्यांची नावं बदलली. पण ते पोरगं "फक्त एकदा ट्राय" असं म्हणालं तेव्हा मान तिरकी करण्याची पद्धत, शेवटचा शब्द सोडून देण्याची पद्धत, सगळं तेच. मी म्हातारा झालो तरी नकला करणारा माणूस आहे, सूर ओळखतो. विज्याचा सूर होता तो.

तर एका मंगळवारी संध्याकाळी दिलीप घरी आला. आत्या पीठ दळायला गेलेली, मामा कामाला निघून गेलेला. मी एकटाच. दिलीपनं दारात चप्पल काढली, हातात घेतली आणि सदरा खुंटीला अडकवतात तशी ती खुंटीला अडकवायला लागला. पडली. उचलली, झटकली, पुन्हा अडकवली. तिसऱ्यांदा पडल्यावर खुंटीलाच म्हणाला, "धर की." जीभ जड, एकेक शब्द खाटेवरून उतरल्यासारखा. मग हंड्यातलं पाणी घ्यायला गेला आणि हंड्याच्या शेजारी भिंतीत पेला बुडवायला लागला.

मी काय करायला पाहिजे होतं ते आता शाळेतलं पोरगंही सांगंल. मी त्याला झोपवलं आणि पडल्या पडल्या तो कसा हलतोय, मान कुठं टाकतोय, बघत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसमध्ये पोरं म्हणाली, "बबन्या, काहीतरी नवीन." मी उठलो आणि चप्पल घेतली.

सांगतो तुम्हाला, तशी नक्कल मी पुन्हा कधी केली नाय. खुंटीला "धर की" म्हणलं तेव्हा एका पोराच्या नाकातून आमटी आली. भिंतीत पेला बुडवला तेव्हा सगळी भिंत हलत होती. आवाज कुणाचा नाय, नुसते लाल झालेले चेहरे. आणि आत्या! तिच्या तोंडात अर्धा पदर, डोळ्यांतून पाणी. तव्यावरची भाकर जळून काळी झाली तरी तिला उलटता येईना.

"कोण रं हा मेला?" ती श्वास घेत म्हणाली.

"हाय एक कॉलेजातला."

"त्याच्या मायला दिसत नाय का रं हे? काय माय असंल!" आणि पुन्हा पदर तोंडात.

दिलीप कोपऱ्यात जेवत होता. त्याचे कान पेटले होते. त्यानं ताटावरून नजर वर केली नाय, एक घास तसाच हातात राहिला. मला वाटलं, बरी खोड मोडली. मला लई हुशार वाटलं स्वतःबद्दल.

त्याच्यानंतरच्या रविवारी विज्यानं हुरड्याचं बोलावणं दिलं. वाळूजच्या पलीकडं त्याच्या चुलत्याचं शेत होतं. थंडीचे दिवस, सकाळचं कोवळं ऊन, ज्वारीची कणसं दुधात आलेली. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळून फुंकर मारायची आणि हिरवा दाणा गूळ, दही, चटणीसंगं तोंडात टाकायचा. ह्यापेक्षा मोठी नशा कुठल्या पुडीत बांधून मिळत असंल तर मला दाखवा. पण आमच्या ऋषींना हुरडा पुरत नव्हता. पुडी सुटली.

विज्या दिलीपला म्हणाला, "तुझ्या भावानं तुझा सिनेमा केला म्हणं मेसमध्ये. तुझ्याच आईपुढं."

दिलीप माझ्याकडं बघून म्हणाला, "तवा पहिली खेप होती. आज बघ म्हणावं, कसा ताठ राहतो." आणि एकाच्या जागी किती घेतल्या ते कोणी मोजलं नाय. मी कणीस चोळत होतो. मी बघितलं आणि चोळत राहिलो.

अर्ध्या तासानं दिलीप उठला. चप्पल काढली आणि ज्वारीच्या उभ्या धाटाला अडकवायला लागला. पडली. "धर की," तो म्हणाला.

सगळे लोळले. सगळ्यांना वाटलं, हा माझ्या नकलेची नक्कल करतोय, मला जबाब देतोय. मलाही तेच वाटलं. मी तर टाळ्या वाजवल्या. म्हणलं, "वा रे पठ्ठ्या! जीभ अजून जड कर." त्यानं केली. मग तो बांधाला आडवा झाला आणि घोरायला लागला. लांब ओढ, मग काहीच नाय, मग गडगड.

"मामा! मामाची नक्कल!" एक पोरगं ओरडलं. मोकळ्या रानात पहिल्यांदाच मोठ्यानं हसायला मिळालं होतं, पोरं पोटं धरून हसली. मी जाणकारासारखा जवळ जाऊन बसलो. म्हणलं, थांबणं किती लांबवतोय बघू. मामाचं थांबणं मला पाठ होतं. ह्याचं त्याच्याहून लांब होतं. आणखी लांब. मला त्याचं कौतुक वाटत होतं, इतकं धरून ठेवायला छाती लागते.

त्याच्या खालच्या ओठाला गूळ लागला होता. त्याच्यावर एक माशी येऊन बसली. तिनं पाय घासले. वर गेली, दातावर गेली, पुन्हा ओठावर आली.

ओठ हलला नाय.

मी "दिल्या" म्हणलं. माशी तोंडात जायला लागली. मी ओरडलो की काय ते मला आठवत नाय. रफिक सांगतो, मी ओरडलो नाय, नुसता त्याच्या तोंडाकडं बोट दाखवत राहिलो आणि पोरं त्यालाही हसली. कळलं ते रफिकला. त्यानं दिलीपला खांद्यावर घेतलं, सुपारी न खाणाऱ्या पोराच्या अंगात एवढा जोर होता हे मला माहीत नव्हतं. रस्त्यावर आडवा उभा राहून त्यानं ज्वारीच्या कडब्याचा टेम्पो थांबवला. विज्या मागं पळत आला आणि खालूनच म्हणाला, "माझं नाव सांगू नका." अनुभवी माणूस.

सरकारी दवाखान्यात दिलीपला आत घेतलं. रफिक आत्याला आणायला गेला. डॉक्टर पोरगेलेसेच होते. त्यांनी मला धरलं, "काय खाल्लं यानं?"

"गोळ्या."

"कसल्या? नाव? पाकीट कुठंय?"

"पांढऱ्या होत्या."

"खडूही पांढरा असतो!" डॉक्टर कडाडले. "बरं, आधी कसा होता ते सांग. चालत होता? बोलत होता? श्वास कसा घेत होता? नीट सांग, लवकर."

आणि माझ्या तोंडाला शब्दच येईना. आयुष्यभर बोलून खाल्लेलं पोरगं मी! मग माझे हात आपोआप खाली गेले आणि मी पायातली चप्पल काढली. दवाखान्याच्या त्या फिनेलच्या वासाच्या व्हरांड्यात, पेशंटच्या नातेवाइकांपुढं, मी चप्पल भिंतीला अडकवली. जीभ जड केली. मान टाकली, ती कुठल्या बाजूला पडत होती ते दाखवलं. पापण्या कशा उतरल्या ते दाखवलं. जमिनीवर पडलो आणि श्वास घेतला, लांब ओढ, मग थांबलो. डॉक्टर वाकून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी नक्कल न हसता बघत होतं.

"एवढा वेळ थांबत होता? पुन्हा दाखव."

मी पुन्हा दाखवलं. ते नर्सला काहीतरी बोलत आत धावले.

मी उठून बसलो तर समोर आत्या. रफिकच्या मागं, पिठाचे हात तसेच. ती कधी आली होती मला माहीत नाय, पण चप्पल अडकवताना तिथं होती, हे तिच्या तोंडावरून कळलं. तिनं रडून गोंधळ घातला असता, मला मारलं असतं, तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बबन, परवाचा तो कॉलेजातला... ह्योच व्हय?"

मी मान हलवली.

"मी लई हसले रं," आत्या म्हणाली.

दिलीप वाचला. दोन दिवस नळी, चार दिवस खाट. आत्या त्याच्या उशाशी बसून होती. एका दुपारी तिनं मला विचारलं, "सगळी हसत व्हती म्हणतोस, मग तुला कळलं कसं?" मी तिला माशीचं सांगितलं.

आज दिलीपचं बजाजनगरात स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि ते सगळं त्या आजारपणानं सुधारल्यामुळं झालं असं तुम्हाला वाटत असंल तर तसं काही नाय. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी हा गडी मेसमध्ये भिंतीला टेकून पोरांना सांगत होता, "काय नाय बे. जरा डोळा लागला व्हता. ह्या बबन्यानं उगं बोंबाबोंब केली. पण काय अनुभव हाय, सांगतो तुम्हाला!" आणि पोरं ताटं विसरून ऐकत होती. त्यातल्या दोघांचे डोळे असे चमकत होते की, पुढच्या रविवारी कुठं भेटायचं एवढंच विचारायचं बाकी होतं. मेल्यासारखा पडला होता तेव्हा जेवढा तो मूर्ख दिसला नव्हता, तेवढा तो आता दिसत होता.

स्टोव्हची फरफर बंद झाली. आत्यानं चावी सोडली होती. मेसच्या वेळेत स्टोव्ह बंद झालेला मी कधी बघितला नव्हता.

"बबन," ती म्हणाली, "ह्याला दाखव."

"आत्या, नको."

"त्यानं बघितलंच नाय. सगळ्यांनी बघितलं, त्यानंच नाय बघितलं. दाखव. माशीसकट."

पोरांना वाटलं नक्कल आहे, दोघांनी तोंडावर हात धरून तयारीही केली. मी उठलो. चप्पल खुंटीला अडकवली, "धर की" म्हणलं. एकजण फिसकन हसला, त्यानं आत्याकडं बघितलं आणि थांबला. मी ताटांच्या मधे जमिनीवर पडलो. घोरलो, थांबलो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पडद्यामागून काहीच ऐकू येत नाय. मामा जागा होता. पडद्याच्या काठाला त्याची चार बोटं दिसत होती.

आत्या उठली. गुळाच्या डब्यात बोट फिरवलं आणि माझ्या खालच्या ओठावर ओढलं. मग आपल्या जागेवर जाऊन बसली.

मेसमध्ये माश्यांना तोटा नव्हता. एक आली. ओठावर बसली, पाय घासले. मी आढ्याकडं बघत होतो. पिशोरच्या ओसरीत शंभर वेळा जे जमलं नव्हतं ते करायचं होतं आणि मी करत होतो. ती वर गेली, दातावर गेली. मी श्वास घेतला नाय. दिलीप म्हणाला, "बास की बे आता." कोणी हललं नाय. "बबन्या, ऊठ, बास." माशी तोंडात उतरायला लागली.

"आये, त्याला ऊठ म्हण की!" दिलीप ओरडला. त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी एवढ्या मोठ्यानं बोललं होतं. ताट उलटल्याचा आवाज आला आणि त्याचा हात माझ्या तोंडावर आला, आमटीनं भरलेला. त्यानं माशी उडवली. पण हात काढला नाय. तो ओठावरच ठेवून श्वास लागतोय का ते बघत होता.

पडद्यामागून मामा म्हणाला, "बबन, ऊठ. झालं."

मला उठता आलं असतं. पण आत्या समोर बसली होती आणि तिनं अजून ऊठ म्हणलं नव्हतं, म्हणून मी आणखी थोडा वेळ तसाच पडून राहिलो.